जुना ब्राउझर ठेवायचा की नाही, त्याआधी त्याच्या पोटात काय आहे ते बघा

साखळीहून एका निवृत्त शिक्षकांनी विचारलंय, ते थोडक्यात असं. घरच्या जुन्या विंडोज ७ च्या कॉम्प्युटरवर फायरफॉक्स ५२ ईएसआर (जास्त काळ सुरक्षा दुरुस्त्या मिळणारी आवृत्ती) आहे. त्यात वेब पानं जतन करणारं स्क्रॅपबुक नावाचं ॲड-ऑन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम, आणि स्क्रॅपबुकमध्ये २००६ पासून जतन केलेली साडेतीन हजार पानं. देवळांचे उत्सव, जत्रा, गावऱ्हाटी, मराठी दैनिकांतले जुने लेख. नवं फायरफॉक्स घातलं तर हे ॲड-ऑन चालणार नाही, असं मुलगा सांगतो. शिवाय मुलाच्या लॅपटॉपवर क्रोमने जाहिराती अडवणारं यूब्लॉक ओरिजिन बंद करून टाकलंय. त्यावर गुरुजींचा प्रश्न: "दोन्हीकडे अपडेट बंद करून जुनंच चालू ठेवलं तर बिघडलं कुठे?"

गुरुजी, गेली बावीस वर्षं मी फोंडा-म्हापसा पट्ट्यात लहान ऑफिसांचे, दुकानांचे, देवस्थान समित्यांचे कॉम्प्युटर सांभाळतो. हा प्रश्न मला दर वर्षी दहा-बारा वेळा तरी येतो. उत्तर देण्याआधी मी उलट दोन गोष्टी विचारतो. त्या जुन्या प्रोग्रॅमच्या आत तुमचं स्वतःचं असं काय अडकलंय? आणि तो प्रोग्रॅम घेऊन तुम्ही इंटरनेटवर जाता का? घरातला रगडा आजीच्या काळातला असला म्हणून कुणाचं काही बिघडत नाही, वाटण छानच होतं. पण ब्रेक नसलेली स्कूटर घेऊन शुक्रवारी म्हापशाच्या बाजारात शिरलात तर गोष्ट वेगळी. तुमचं स्क्रॅपबुक हा रगडा आहे. मुलाचा क्रोम ही स्कूटर. दोघांना एकच उत्तर लावता येत नाही.

स्क्रॅपबुकचं आधी बोलतो, कारण तिथे गमावण्यासारखं जास्त आहे. आणि ते कसं गमावतं हे मी स्वतःच्या हाताने करून पाहिलंय.

२०१८ सालची गोष्ट. डिचोलीच्या बाजूला एक वकील काका होते. त्यांच्याकडेही स्क्रॅपबुक, त्यात जमिनीच्या कायद्यांवरचे लेख, निवाडे, वर्तमानपत्रांतली कात्रणं. फायरफॉक्स फार हळू चालतं म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी काय केलं, तर 'रिफ्रेश फायरफॉक्स' हे बटण दाबलं. पासवर्ड राहिले, बुकमार्क राहिले, ब्राउझर पळायला लागला. डेस्कटॉपवर 'ओल्ड फायरफॉक्स डेटा' नावाचा एक फोल्डर येऊन पडला होता. जाता जाता डेस्कटॉप स्वच्छ करून देण्याची माझी खोड. तो फोल्डर उडवला, रिसायकल बिन रिकामी केली, चहा घेतला आणि निघालो.

दोन दिवसांनी फोन. "भाई, माझी डावी बाजू गेली."

माझ्या छातीत धस्स झालं. काकांचं वय सत्तरीच्या पुढचं. मी विचारलं, डॉक्टरांना बोलावलं का? तेव्हा ते वैतागून म्हणाले, "डॉक्टर कसला? स्क्रीनची डावी बाजू. माझी सगळी यादी."

स्क्रॅपबुकची यादी ब्राउझरच्या डाव्या पट्टीत दिसते. रिफ्रेश केल्यावर ॲड-ऑन निघून जातं आणि त्याचा साठा नव्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे तुमची माहिती आणि सेटिंग ठेवणाऱ्या फोल्डरात, येत नाही, तो त्या 'ओल्ड' फोल्डरातच राहतो. आणि तो मी माझ्या हाताने पुसला होता. रिकव्हरी सॉफ्टवेअर लावून चार रात्री बसलो. पानं बरीच मिळाली, पण यादीची फाइल मिळाली नाही. कुठलं पान कुठल्या विषयाखाली होतं ते काकांनाच आठवून लावावं लागलं. त्यांनी मला एका शब्दाने बोल लावला नाही, त्याचीच जास्त लाज वाटते.

म्हणून ठेवायचं की सोडायचं याचा निर्णय आज घेऊच नका. आज फक्त प्रत काढा. फायरफॉक्स उघडून मदत मेन्यूतून 'ट्रबलशूटिंग इन्फर्मेशन' या पानावर जा. तिथे प्रोफाइल फोल्डरची ओळ असते, तिच्यापुढचं बटण दाबलं की फोल्डर उघडतो. आता फायरफॉक्स पूर्ण बंद करा आणि तो अख्खा प्रोफाइल फोल्डर बाहेरच्या ड्राइव्हवर कॉपी करा. त्यात 'स्क्रॅपबुक' नावाचा फोल्डर आहे का बघा. नसेल तर घाबरू नका. साठ्याची जागा ॲड-ऑनच्या सेटिंगमधून बदलता यायची, पूर्वी कुणीतरी ती दुसऱ्या ड्राइव्हवर नेली असेल. सेटिंगमध्ये पत्ता मिळेल.

त्या फोल्डराच्या आत शिरलात तर तुमचा अर्धा ताण तिथेच उतरेल. 'डेटा' नावाचा उपफोल्डर, आणि त्यात चौदा आकडी नावांचे हजारो फोल्डर. ते आकडे म्हणजे वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद. कुठल्या क्षणी ते पान जतन केलंत त्याचा शिक्काच. प्रत्येकात एक 'इंडेक्स' नावाची एचटीएमएल फाइल आणि तिच्याबरोबरची चित्रं. ती फाइल कुठल्याही ब्राउझरमध्ये उघडते. आजच्या क्रोममध्येही, मोबाइलवरही. म्हणजे तुमची पानं ॲड-ऑनच्या कैदेत नाहीत. ॲड-ऑनच्या हातात फक्त अनुक्रमणिका आहे, ती 'स्क्रॅपबुक' नावाच्याच आरडीएफ फाइलमध्ये असते. जुनं फायरफॉक्स अजून चालतंय तोवर स्क्रॅपबुकच्या टूल्स मेन्यूतून ही यादी एचटीएमएल म्हणून बाहेर काढून घ्या. एवढं एक काम वकील काकांकडे आधी केलेलं असतं, तर त्या चार रात्री वाचल्या असत्या.

याच काळातल्या माणसांकडे मॅफ फाइलीही सापडतात, एक अख्खं पान एका फाइलीत बांधणारा प्रकार. तो वाचणारं ॲड-ऑनही त्याच लाटेत गेलं. पण मॅफ म्हणजे आतून निव्वळ झिप. नावाचं शेपूट बदलून झिप करा आणि उलगडा.

आता एक गोष्ट, जी मुलाच्या लक्षात येणार नाही, कारण त्याने तो काळ पाहिलेला नाही. २००६ च्या आसपासची बरीच मराठी पानं युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणाऱ्या अक्षरांच्या पद्धतीत, नव्हती. प्रत्येक दैनिकाचा आपला फॉन्ट. इंटरनेट एक्स्प्लोररला तो आपोआप पुरवला जायचा, फायरफॉक्सवाल्यांना डाउनलोड करून बसवावा लागायचा. त्या पानांत मजकूर म्हणून इंग्रजी अक्षरं आणि चित्रविचित्र चिन्हं साठवलेली असतात, मराठी दिसतं ते फॉन्टमुळे. पानं नव्या लॅपटॉपवर नेलीत आणि फॉन्ट मागे राहिला, तर लेखाच्या जागी नुसती कचऱ्यासारखी चिन्हं दिसतील आणि तुम्ही म्हणाल, फाइल खराब झाली. फाइल धडधाकट असते. तेव्हा विंडोजचा फॉन्ट्स फोल्डरही त्याच ड्राइव्हवर उचला. तोही तुमच्या संग्रहाचाच भाग आहे.

अशा मजकुराचं वाचता वाचता युनिकोड करून देणारं 'पद्मा' नावाचं ॲड-ऑन फायरफॉक्सला होतं. तुम्ही कदाचित वापरलंही असेल. तेही जुन्या पद्धतीचंच. आता हे काम वेगळ्या कन्व्हर्टरने करावं लागतं आणि नंतर डोळ्यांखालून घालावं लागतं. जुन्या फॉन्टांत पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप केलेली असते आणि रफार नंतर. कन्व्हर्टरला त्यांच्या जागा बदलाव्या लागतात आणि जोडाक्षर आलं की तो हमखास चुकतो. साडेतीन हजार पानांचं करत बसू नका. जी पन्नास-शंभर तुम्हाला पुन्हा पुन्हा लागतात तेवढीच करा.

मुळात स्क्रॅपबुकसारखी ॲड-ऑन्स का गेली, हे थोडक्यात. जुनी ॲड-ऑन्स फायरफॉक्सच्या आतल्या यंत्रणेला थेट हात घालत. त्यामुळे ती काहीही करू शकत, आणि त्यामुळेच आतला एक खिळा हलवला की दहा ॲड-ऑन्स मोडत. फायरफॉक्स बनवणाऱ्या मोझिलाने २०१५ मध्ये बदल जाहीर केला आणि १४ नोव्हेंबर २०१७ च्या फायरफॉक्स ५७ पासून फक्त नव्या, मर्यादित पद्धतीची एक्स्टेन्शन्स (ॲड-ऑनचंच दुसरं नाव) ठेवली. ५२ ईएसआरला आणखी काही महिने सुरक्षा दुरुस्त्या मिळाल्या, त्या सप्टेंबर २०१८ ला थांबल्या. तेव्हा मीही चिडलो होतो. आज मागे वळून बघताना त्यांचं सगळंच चुकलं असं म्हणवत नाही, पण वाचकाच्या हातातली साधनं काढून घेताना साठा बाहेर काढायची सोय ब्राउझरनेच द्यायला हवी होती, हे माझं मत कायम आहे.

"आहे तसंच ठेवलं तर?" यातली गोम अशी की ते आहे तसं राहत नाही. फायरफॉक्सची ॲड-ऑन्स सही केलेली असतात आणि सहीमागच्या प्रमाणपत्राला मुदत असते. मे २०१९ मध्ये असंच एक प्रमाणपत्र संपलं आणि जगभरच्या फायरफॉक्सांतली ॲड-ऑन्स एका रात्रीत बंद पडली. त्या दिवशी माझा फोन सकाळी सातला सुरू झाला तो रात्रीपर्यंत. मग १४ मार्च २०२५ ला मूळ प्रमाणपत्राचीच मुदत संपली. १२८ च्या आधीच्या आवृत्त्या आणि ईएसआरमध्ये ११५.१३ च्या आधीच्या, सगळ्यांना फटका. तुम्ही काहीही हलवलं नाहीत तरी तारीख हलते.

फोंड्याच्या एका हार्डवेअर दुकानदाराला कुणीतरी अक्कल दिली की कॉम्प्युटरचं घड्याळ मागे न्या, ॲड-ऑन परत येतं. आलं बरं का! मग बँकेचं पान उघडेना, कारण बँकेचं प्रमाणपत्र त्या कॉम्प्युटरच्या दृष्टीने अजून जन्मालाच आलेलं नव्हतं. आणि आठवडाभर गिऱ्हाइकांना २०१८ च्या तारखेची बिलं गेली. आगीतून उठून फुफाट्यात. तुमच्याकडे ईएसआर आहे, तेव्हा हा उपद्व्याप करायची गरज नाही. पत्त्याच्या पट्टीत अबाउट:कॉन्फिग टाइप करा, आतल्या सेटिंगची यादी उघडेल, तिच्यात 'सिग्नेचर्स' शोधा, 'रिक्वायर्ड' असा शेवट असलेली ओळ दिसेल, ती 'फॉल्स' करा. सहीची सक्ती जाते. साध्या आवृत्तीत ही सूट नव्हती, ईएसआरमध्ये आहे. मात्र हे त्या मशीनचं इंटरनेट काढल्यावरच करायचं.

आता मुलाचा क्रोम. इथे माझं उत्तर नरम नाही: अपडेट बंद करू नका.

झालंय काय, तर एक्स्टेन्शनांचे नियम बदलले. पूर्वी जाहिरात अडवणारं एक्स्टेन्शन पत्रादेवीच्या चेकनाक्यावरच्या शिपायासारखं उभं असायचं. प्रत्येक गाडी थांबवून, आत डोकावून, सोडायची की नाही ते जागच्या जागी ठरवायचं. नव्या नियमांत त्याला नाक्यावर उभं राहू देत नाहीत. कुठल्या नंबरांच्या गाड्या अडवायच्या याची यादी त्याने आधी द्यायची, अडवायचं काम ब्राउझर करणार. गूगल म्हणतं, यात वापरणाऱ्याचा खाजगीपणा आणि वेग दोन्ही सांभाळलं जातं. टीका करणारे म्हणतात, जाहिरातींवर पोट असलेल्या कंपनीने शिपायालाच घरी बसवलं. दोन्हींत तथ्य आहे. जुन्या पद्धतीची एक्स्टेन्शन्स ऑफिसांसाठीची खास पॉलिसी लावून क्रोम १३८ पर्यंत चालवता येत होती, १३९ पासून तीही वाट बंद झाली.

मग १३८ वरच थांबलं तर? क्रोममध्ये एखादं भोक सापडलं की दुरुस्ती येते आणि दुरुस्तीबरोबर भोक कुठे होतं तेही जगजाहीर होतं. ज्यांनी अपडेट घेतलं त्यांचं दार बंद झालं. ज्यांनी नाही घेतलं, त्यांच्या दाराचा नकाशा आता चोरांच्या हातात आहे. चोरांनी भोक आधीच वापरायला सुरुवात केली आणि दुरुस्ती मागाहून आली, असं क्रोमच्या बाबतीत दर वर्षी काही वेळा घडतं. जाहिराती नकोत म्हणून दार उघडं टाकायचं, हा सौदा आतबट्ट्याचा.

मुलापुढे दोन सरळ वाटा आहेत. क्रोमच हवा असेल तर यूब्लॉक ओरिजिन लाइट. नव्या नियमांत बसवलेली त्याच माणसाची आवृत्ती. बातम्या वाचणाऱ्या, तिकिटं काढणाऱ्या माणसाला फरक क्वचित जाणवेल, स्वतःचे बारीक नियम लावणाऱ्याला जाणवेल. नाहीतर फायरफॉक्स. मोझिलाने जुन्या प्रकारची अडवणूक चालू ठेवलीय आणि तिथे मूळ यूब्लॉक ओरिजिन पूर्ण ताकदीने चालतं. २०१७ मध्ये ज्यांनी आपली ॲड-ऑन्स काढून घेतली, त्यांच्याच दारात आज लोक आसऱ्याला जातात. काळाचा महिमा! एक सावधगिरी मात्र ठेवा. बंद पडलेल्या एक्स्टेन्शनच्या नावाशी मिळतंजुळतं काहीतरी शोधून बसवू नका. द ग्रेट सस्पेंडर हे लाखो लोकांचं आवडतं एक्स्टेन्शन विकलं गेलं, नव्या मालकाच्या हातात त्यात नको ते शिरलं आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गूगलला ते काढून टाकावं लागलं.

जुनं ठेवूच नका असं मी सरसकट म्हणत नाही. कळंगुटच्या एका गेस्ट हाउसमध्ये आठ कॅमेऱ्यांचा जुना डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारं यंत्र, आहे. त्याचं पान ॲक्टिव्हएक्स या एक्स्प्लोररच्या जुन्या जोडणीशिवाय उघडत नाही, म्हणजे फक्त इंटरनेट एक्स्प्लोरर. एक्स्प्लोरर जून २०२२ मध्ये निवृत्त झाला. मालक विचारत होते, नवा डीव्हीआर घेऊ का? कॅमेरे उत्तम, केबल भिंतीत. मी मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये आयई मोड, म्हणजे एक्स्प्लोररसारखं वागायची सोय, लावून दिला, तो कंपनीने किमान २०२९ पर्यंत ठेवायचं कबूल केलंय. पान उघडलं. पण त्याच वेळी राउटरमध्ये बघितलं तर आधीच्या कुणीतरी तो डीव्हीआर बाहेरून दिसावा म्हणून पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, उघडं ठेवलेलं, आणि पासवर्ड कारखान्यातून आला तोच. पोर्ट बंद केलं, पासवर्ड बदलला. आता ते जुनं यंत्र घरातल्या घरात काम करतं, आणखी चार-पाच वर्षं करेल.

तुमच्या फायरफॉक्स ५२ लाही मी हाच न्याय लावीन. प्रत निघाली, यादी बाहेर आली, फॉन्ट उचलले, की त्या कॉम्प्युटरची नेटवर्कची वायर काढा. वायफाय असेल तर तेही बंद. मग त्यावर जुनं फायरफॉक्स, स्क्रॅपबुक, डावी बाजू, सगळं सुखाने चालू द्या. त्या मशीनवर बँक नाही, मेल नाही, बाहेरचा पेन ड्राइव्ह नाही. तसंही आजच्या बऱ्याच साइट्सचं जावास्क्रिप्ट त्याला कळत नाही, पांढरं पान दिसतं. विंडोज ७ वरच नेट हवं असेल तर क्रोम १०९ ला थांबलाय आणि फायरफॉक्सचा ११५ ईएसआर हा शेवटचा. पण त्याच्या भरवशावर मी बँकेचं काम करणार नाही. आणि नवं फायरफॉक्स त्याच मशीनवर जुन्या प्रोफाइलवर उघडून बघू नका. एकदा नव्याने हात लावलेलं प्रोफाइल जुन्यात नीट परतेलच असं नाही.

पुढचं तुमच्यावर अवलंबून आहे. संग्रहात अजून भर घालता का? घालत नसाल तर वरचं पुरेसं आहे. घालत असाल तर नव्या लॅपटॉपवर वेबस्क्रॅपबुक बसवा. स्क्रॅपबुकच्याच वळणाचं आहे. त्याच्या जोडीचं पायवेबस्क्रॅपबुक हे साधन तुमचा जुना साठा नव्या रचनेत बदलून देतं. पण ते काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करून चालवावं लागतं. मुलाला एक रविवार बसवा, आणि मूळ साठ्यावर नको, प्रतीवर चालवायला सांगा. नुसतं एखादं पान जतन करायचं तर सिंगलफाइल बरं, अख्खं पान एका एचटीएमएल फाइलीत. पेल मूनसारखे, जुन्या फायरफॉक्सच्या झाडाला फुटलेले ब्राउझर अजून जुनी ॲड-ऑन्स चालवतात, त्यांची शिफारस काही जण करतील. हौशी माणसाने जरूर बघावं. मी मात्र ज्यांना अडचणीत मलाच फोन करावा लागतो, त्यांच्या मशीनवर घालत नाही.

प्रती दोन ठेवा, आणि दुसरी तुमच्या घरात नको. आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातल्या चामड्याच्या चपलेला जशी बुरशी येते तशी ड्राइव्हच्या सर्किटलाही ओल खाते. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि दोन-तीन महिन्यांनी एकदा लावून चार पानं उघडून बघा.

आणि त्या जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल आत्ताच बदलून घ्या, सीआर २०३२ म्हणून मिळतो. नेट काढल्यावर घड्याळ दुरुस्त करणारं कुणी उरत नाही. सेल संपला की ते मशीन पुन्हा आपल्या जन्मसालात जातं. मग तुम्ही स्क्रॅपबुकमध्ये आज एखादं टिपण लिहाल आणि त्याच्या फोल्डरवर शिक्का बसेल पंधरा-वीस वर्षांपूर्वीचा.